भंगारात देण्याआधी झाकण तरी उघडा
जुन्या कॉम्प्युटरांवरच्या एका लेखात म्हटलंय, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, संपला, आता जुनी मशीन काढून टाका. अहो, एवढी घाई कशाला? माझा २०१२चा डेस्कटॉप गेल्या वर्षी रोज सकाळी तारीख विसरायचा आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवायचा. दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड गेला. झाकण उघडलं तर आत बोटभर धूळ आणि कोपऱ्यात कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सीआर २०३२ सेल, पार मेलेला! तारीखच चुकीची, म्हणून ब्राउझरला साइट असुरक्षित वाटायच्या. तो बदलला, बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख घातली, विषय संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसल्यामुळे विंडोज ११ काही घेत नाही म्हणा, पण विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीय, मस्त चाललीय. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क मात्र बसवाच. रॅमचं नंतर बघा.