'अर्थ म्हणजे पैसा' या आक्षेपाबद्दल

लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अर्थ म्हणजे पैसा, कौटिल्यापासून हेच चालत आलंय, तेव्हा अर्थशास्त्र, अर्थव्यवस्था, अर्थकारण यांत फरक करणं म्हणजे नुसता कीस काढणं.

अर्थसंकल्प, अर्थमंत्री, अर्थसाहाय्य या शब्दांत 'अर्थ' पैशासाठीच येतो, हे खरं. पण कौटिल्याचा दाखला तुमच्याच विरुद्ध जातो. 'अर्थशास्त्र' या आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या अधिकरणात, म्हणजे भागात, त्याने व्याख्याच दिली आहे: माणसांची उपजीविका म्हणजे अर्थ, माणसांनी वसलेली भूमी म्हणजेही अर्थ; ती मिळवण्याचा आणि सांभाळण्याचा उपाय सांगतं ते अर्थशास्त्र. म्हणजे राज्यकारभार. आज कॉलेजात शिकवतात तो विषय वेगळा. १९३२ साली लायोनेल रॉबिन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने त्याची व्याख्या केली ती अशी: गरजा अनेक, साधनं अपुरी आणि त्या साधनांचे उपयोगही अनेक, अशा वेळी माणूस कसा वागतो याचा अभ्यास. यात पैसा कुठेच नाही.

बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्याचंच बघा. फास्टला लटकून लवकर पोचायचं, की बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडून बसून जायचं? पास तोच, खिशातून जादा काही जात नाही. तरी स्लो घेतली तर वेळ जातो, फास्ट घेतली तर बसायची जागा. जे सोडावं लागतं तोच संधीखर्च, आणि तो या शास्त्राचा कणा आहे.

आता वापर. 'दरवाढीने देशाचं अर्थशास्त्र कोलमडलं' हे चूक. कोलमडते ती अर्थव्यवस्था, शास्त्र नव्हे. वडापावच्या गाडीवर पाव, बेसन, तेल, गॅस, मजुरी वजा जाता काय उरतं, हा हिशेब. स्टेशनबाहेर चार गाड्या शेजारी-शेजारी आणि भाव जवळपास एकच, असं का होतं, हा अर्थशास्त्राचा प्रश्न. आणि पैसा कोणाच्या हातून कोणाकडे जातो, त्यावर पकड कोणाची, हे सांगायचं तर अर्थकारण. 'साखरेचं अर्थकारण' म्हणतो ते याच अर्थाने. शंका आली की वाक्यात 'शास्त्र' ऐवजी 'अभ्यास' घालून पाहा. 'देशाचा अभ्यास कोलमडला' कानाला लगेच खटकतं.

लेखातल्या 'आर्थिक तूट' या शब्दावर मात्र तुम्ही बोट ठेवलंत ते बरोबर आहे. सरकारचा एकूण खर्च आणि कर्जाव्यतिरिक्तची जमा यांतला फरक म्हणजे राजकोषीय तूट. लेखात तसा बदल केला आहे.