डिप्लोमाचं पण सांगा की
डॉक्टरकीच्या पुढच्या शिक्षणावरच्या ह्या लेखात एमबीबीएसनंतर नीट पीजी ही प्रवेश परीक्षा आणि मग एमडी नाहीतर एमएस एवढंच दिलंय, पण डीएनबी (एमडी-एमएसच्या तोडीची पदवी) आणि एनबीईएमएस ह्या राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळाचे २ वर्षांचे डिप्लोमा पण सांगायला हवे होते. ॲडमिशन नीट पीजीवरूनच असते, डिप्लोमाला भूल, बालरोग, स्त्रीरोग, फॅमिली मेडिसिन असे विषय आहेत आणि काही ठिकाणी जिल्हा रुग्णालयात राहूनच शिकता येतं. माझी भाची एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आहे, रात्री डिलिव्हरी उरकली की हात धुवून परत मोबाईलवर नीट पीजीचे एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) सोडवत बसते, लाईट गेलेली असली तरी. रँक घसरला की ह्या पोरांना सगळं संपल्यासारखं वाटतं. आणि तालुक्याला भूलतज्ज्ञ नसला तर सिझरची बाई थेट जिल्ह्याला पाठवावी लागते हो, अशा तालुक्याला भुलेचा डिप्लोमावाला डॉक्टर जीव वाचवतो, त्यामुळे ह्या सीट अजून वाढवाच.