पांढऱ्या फडक्याचा महिमा

पहिली सूचना: 'डक्ट' हा शब्द सोसायटीच्या ऑफिसात उच्चारू नका. मुंबईत डक्ट म्हणजे दोन विंगांच्या मधली ती अंधारी, चिंचोळी जागा, जिथून सगळ्यांच्या बाथरूमचे पाइप उतरतात, कबुतरं पिढ्यान्‌पिढ्या संसार करतात आणि सातव्या मजल्यावरून पडलेला टॉवेल पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. मी सेक्रेटरींना सहज म्हणालो, "या शनिवारी डक्ट साफ करून घेतोय." त्यांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "स्वखर्चाने?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर मी खुलासा केला, आणि तेव्हापासून माझ्या पार्किंगच्या अर्जाचं काय झालं हे मी विचारलेलं नाही.

तर आपला विषय एसीचा डक्ट. फॉल्स सीलिंगच्या पोटात दडवलेला पत्र्याचा चौकोनी बोगदा. एका टोकाला मशीन, बाकीच्या टोकांना जाळ्या, ज्यांना डिफ्यूझर म्हणायचं. मुंबईतल्या बहुतेक घरांत हे प्रकरण नसतंच. तिथे भिंतीवर स्प्लिट लटकतो, फिल्टर काढून बाथरूमच्या नळाखाली धरला की विषय संपला. पण तुम्ही माझ्यासारखा परळमध्ये रीसेलचा फ्लॅट घेतला असेल आणि आधीच्या मालकाने हॉलमध्ये डक्टेबल, म्हणजे असा डक्टवाला एसी, बसवून ठेवला असेल, तर अभिनंदन. तुमच्या डोक्यावर अशी एक जागा आहे, जी तुम्हाला कधीच दिसणार नाही आणि जिच्याबद्दल कुणी काहीही सांगितलं तरी ते खरं मानावं लागेल. असं भाग्य पूर्वी फक्त पत्रिका दाखवायला जाणाऱ्यांच्या वाट्याला यायचं.

'डक्ट क्लीनिंग फक्त 1,499' अशी जाहिरात दिसली की लगेच फोन करा. त्या रकमेत काय काय येतं हे विचारू नका, लोक आपल्याला चिंगूस समजतात. माणूस घरी आला, शिडी लागली, दोन स्क्रू निघाले की आपोआप कळतं. 1,499 हा एका पॉइंटचा दर. पॉइंट म्हणजे एक जाळी. माझ्याकडे पाच. रिटर्नची, म्हणजे खोलीतली हवा परत मशीनकडे ओढणारी जाळी वेगळी, कारण ती मोठी. कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या, त्यात येत नाही. ब्लोअर? हवा ढकलणाऱ्या त्या पंख्याचा तर विभागच वेगळा. तोवर तुमच्या छताला पाच भोकं पडलेली असतात, आणि भोकं पडलेल्या छताखाली उभ्या असलेल्या माणसाने घासाघीस करायची नसते.

आदल्या रात्री वाचनाचा मोह टाळा. मी टाळला नाही. अमेरिकेत घरोघरी डक्ट, म्हणून त्याची सफाई हा तिथे रीतसर धंदा. 1989 मध्ये तिथल्या डक्टवाल्यांनी आपली राष्ट्रीय संघटनाही काढली. पण तिथली सरकारी पर्यावरण संस्था, ईपीए, फारच अरसिक निघाली. तिचं म्हणणं असं की, डक्ट साफ केल्याने आजार टळतात हे कधीही सिद्ध झालेलं नाही. आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल, उंदीर-किडे असतील किंवा धुळीने डक्ट तुंबून ती खोलीत पडत असेल, तरच साफ करा, असं ती सांगते. एरवी बाहेरची हवा आणि घरातला स्वयंपाक, झाडलोट, धूम्रपान यांतून छातीत जातं ते अस्वच्छ डक्टमधून येणाऱ्यापेक्षा जास्त. म्हणजे माझ्या घरात खरा आरोपी होता सुक्या बोंबलाचा तवा. त्याला साफ करायला पाच पॉइंट लागत नाहीत. अशा माहितीने मन उगाच अस्वस्थ होतं आणि शनिवारी चेहऱ्यावर जो भाव हवा तो येत नाही.

शनिवारच कारण सोसायटीच्या नियमांप्रमाणे रविवारी काम बंद, रोज दोन ते चार ठोकाठोकी बंद, आणि शिडी फक्त सर्व्हिस लिफ्टने. सोफ्यावर जुन्या चादरी टाका. चांगल्या चादरी टाकल्या तरी संध्याकाळी त्या जुन्याच होतात.

आता मुख्य प्रसंग. दोन पोरं आणि एक सुपरवायझर येतील. सुपरवायझरच्या कार्डावर 'ईपीए सर्टिफाइड' लिहिलेलं असेल. ईपीए कुठल्याच डक्टवाल्याला सर्टिफिकेट देत नाही, मान्यता देत नाही, शिफारस करत नाही, हेसुद्धा मी आदल्या रात्री वाचून बसलो होतो. म्हणून म्हणतो, वाचू नका. सुपरवायझर खिशातून एक पांढरं फडकं काढतो. पांढरंशुभ्र, चार घड्या घातलेलं, इस्त्रीचं. अख्ख्या कंपनीत इस्त्री होते ती बहुधा तेवढ्याचीच. शिडीवर चढून तो पहिल्या जाळीत हात घालतो, कोपरापर्यंत. क्षणभर काही होत नाही. मग हात बाहेर येतो आणि फडकं काळं.

ते फडकं त्याने मला दाखवलं नाही. माणूस अनुभवी होता. थेट सासूबाईंसमोर धरलं. "माताजी, यही आप साँस में लेते हो."

सासूबाई खोकल्या. त्याआधीचा आठवडाभर त्या एकदाही खोकल्या नव्हत्या. लग्नाआधी लालबागला, गिरणीच्या भोंग्याखाली वीस वर्षं काढलेली बाई. कापसाच्या धुळीने जिचं काही वाकडं झालं नाही, ती एका फडक्याने सोफ्यावर बसली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा दर कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो. मी म्हणालो, "सगळे पॉइंट करा."

आता खरं सांगायचं तर तेच फडकं आमच्या पंख्याच्या पात्यावरून, फ्रिजच्या मागून किंवा देव्हाऱ्याच्या माथ्यावरून फिरवलं असतं तरी तेवढंच काळं झालं असतं. पण पंख्याला सुपरवायझर नसतो. डक्टमधल्या धुळीचं म्हणाल तर ती बरीचशी आत पत्र्याला चिकटून बसलेली असते, खोलीत उतरेलच असं नाही. पागडीच्या भाडेकरूसारखं तिचं. वर्षानुवर्षं गप पडून असते, हलवायला गेलात की त्रास सुरू.

हलवायची तर तिची रीत आहे. आधी सगळ्या जाळ्या प्लास्टिकने बंद करायच्या, मग मशीनजवळ डक्टला जाड नळीचा जबरी व्हॅक्यूम जोडायचा, म्हणजे आत हवेची ओढ तयार होते आणि सुटलेली धूळ घरात न येता नळीकडे जाते. मग लांबच्या टोकापासून एकेका जाळीतून फिरता ब्रश आत सोडायचा. सोबत कॉइल, ब्लोअर, कॉइलवरून ठिबकणारं पाणी झेलणारा ड्रेन ट्रे हेही धुवायचं, नाहीतर अंघोळ करून मळके कपडे घातल्यासारखं. यात सहज अर्धा दिवस जातो.

आमच्याकडे पंचेचाळीस मिनिटांत झालं. व्हॅक्यूम म्हणजे कार धुणाऱ्यांकडे असतो तो डबा. ब्रश हात पोहोचेल तिथवर. प्लास्टिक गाडीत राहिलं होतं, त्यामुळे एका जाळीतून ढकललेली धूळ दुसऱ्या जाळीतून शांतपणे डायनिंग टेबलावर उतरली. पाच वर्षं छताच्या पोटात निवांत पडलेली धूळ तेवढ्यात माझ्या वरणाच्या पातेल्यापर्यंत पोहोचली. काम चालू आहे याचा एवढा ठळक पुरावा दुसरा नाही, तेव्हा कुरकुर करू नका.

ऐवजही निघाला. रिटर्नच्या जाळीमागून पीओपीचे तुकडे, पॉलिश पेपरची घडी, स्क्रूचा पुडा आणि गुटख्याच्या तीन रिकाम्या पुड्या. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. आमची इमारत 2015 ची. त्या पुड्या छतात कशा गेल्या याचा तपास मी करत नाही. कुणा सुताराचं ते खासगी आयुष्य. पण सुपरवायझरने त्या अशा काही ओळीत मांडल्या, जणू मोहेंजोदडोचं उत्खनन. तुमच्याकडे काही निघालं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. काहीतरी निघतंच.

मग 'सॅनिटायझेशन'. एक पोरगा फवारणीचं यंत्र घेऊन जाळ्यांत धूर सोडतो आणि घराला गवती चहाचा वास येतो. हे कशासाठी, असं विचारल्यावर "बॅक्टेरिया, फंगस, वायरस, सब" असं उत्तर मिळतं. बुरशी ओलीवर जगते आणि ओल बंद केली नाही तर वासाला न जुमानता परत येते, हे बोलून दाखवू नका. आतली ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंचं अस्तर, भिजून बुरसली असेल तर ती साफ होत नाही, काढून नवी घालावी लागते, हेही नको. मी एवढंच विचारलं की, तिसऱ्या जाळीशेजारी छतावर जो तपकिरी डाग आहे, दर जूनमध्ये थोडा वाढतो, तिथे ड्रेनचा पाइप तर गळत नाही ना? सुपरवायझरने डागाकडे आदराने पाहिलं. "वो अपने पॅकेज में नहीं आता सर." घरात दुरुस्तीची गरज असलेली ती एकच जागा होती. तिला कुणी हात लावला नाही. शिडी नेमकी तिच्याखालीच उभी होती.

कीर्तनाच्या शेवटी आरती, तसा एसीवाल्याच्या भेटीत शेवटी गॅस. "गॅस कम है." गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत फिरत राहतो, कमी झाला तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. किती ग्रॅम हवा ते आउटडोअर युनिटच्या पट्टीवर छापलेलं असतं. पण आमच्या आउटडोअरवर कबुतरीण अंड्यांवर बसली होती, त्यामुळे तिकडे कुणी फिरकलंच नाही. गॅस कमी असल्याचं निदान हॉलमध्ये उभ्या उभ्या, आवाजावरून झालं. इथे मात्र मी नाही म्हणालो. सुपरवायझर नाराज झाला नाही. त्याचं सगळं वसूल झालेलं होतं.

बिल साडेबारा हजार. सोबत मोबाइलवर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो. 'आधी'च्या फोटोत काळाकुट्ट डक्ट, चौकोनी, आमचाच. 'नंतर'च्या फोटोत चकचकीत, आरशासारखा डक्ट, गोल. मी दोन्ही फोटो बायकोला दाखवले. ती म्हणाली, "बघ, किती फरक पडला." मी ते बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात अकरा जणांनी नंबर मागितला. फोटोतला आकार कसा बदलला हे कुणीही विचारलं नाही. तुम्हीही टाका, आणि नंबर मागितला तर जरूर द्या. साडेबारा हजार एकट्याचे गेले तर तो मूर्खपणा, बाराजणांचे गेले तर ती स्वच्छता मोहीम.

जाता जाता सुपरवायझर म्हणाला, "दो घंटा खिडकी खुला रखना, फ्रेश हवा आने दो." समोरची इमारत सध्या रीडेव्हलपमेंटला गेली आहे. 2023 च्या ऑक्टोबरपासून पालिकेच्या नियमाने बांधकामाभोवती पंचवीस-पस्तीस फुटी पत्रे लागतात, तसे ते लागलेही आहेत. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. खिडक्या उघडल्या. फडकं तो टीपॉयवरच विसरून गेला होता. दोन तासांनी सासूबाईंनी त्याची कोरी बाजू शोधली, खिडकीच्या कट्ट्यावरून एकदा फिरवली आणि काही न बोलता माझ्यासमोर धरली.

खोकल्या नाहीत. या वेळी कुणाला माझ्याकडून पैसे मिळायचे नव्हते ना.