करामत चौकटींच्या मांडणीत आहे
बोलक्या प्राण्यांच्या विनोदी कॉमिक्सवरच्या लेखात त्यांच्या विनोदाचं श्रेय पात्रांच्या चेहऱ्यांवरच्या हावभावांना दिलंय, पण खरी करामत चौकटींच्या मांडणीत आहे. अमेरिकी चित्रकथाकार कार्ल बार्क्स यांच्या १९४३ पासूनच्या डोनाल्ड डकच्या दहापानी गोष्टी बघा: बहुतेक पानांवर चार ओळी, ओळीत दोन चौकटी. समजा, डावीकडच्या चौकटीत शिडी डुगडुगतेय आणि उजवीकडच्या चौकटीत बदक थेट रंगाच्या बादलीत. पडण्याचा मधला क्षण वाचकच मनात रंगवतो. तो काढून दाखवला की हसू जिरतं. मोठी फजिती तर पान उलटल्यावरच हवी, समोरासमोरच्या पानांवर डोळा आधीच तिथे पोचतो. शिवाय आधी बोलणारा डावीकडे उभा पाहिजे, नाहीतर संवादांचे फुगे उलट्या क्रमाने वाचले जातात. पुनर्मुद्रणात चौकटी कापून नव्याने रचल्या की हे सगळं कोलमडतं. फार वाईट वाटतं!