साहेब, रॅम्प असा बांधा!

अभिनंदन. कार्यालय दिव्यांगांसाठी ‘सुगम’ करायचं पत्र वरून आलंय, निधी पडलाय आणि मार्च तोंडावर आहे. घाबरू नका, कोल्हापुरात हे काम कसं उरकतात याची पद्धत ठरलेली आहे. तिचा उत्तम नमुना परवाच बघायला मिळाला: रॅम्पच्या तोंडाशी तीन मोटारसायकली, वरच्या टोकाला जाळीचं दार, दाराला कुलूप, आणि किल्ली जेवायला गेलेली. ती जेवून येईपर्यंतच्या पाऊण तासात हा सल्ला तयार झाला. कार्यालयाचं नाव कशाला पाहिजे? कुठलंही घाला, बसतंय.

तर सुरुवात जागेपासून. पुढच्या दाराला हात लावू नका. तिथल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्यांवर मान्यवरांचं स्वागत होतं, तिथं रॅम्प आला तर शोभा जाईल. इमारतीच्या मागं जनरेटर आणि भंगारातल्या कपाटांच्या मधे सहा फुटांची बोळ असतेच. ती घ्या. चाकांच्या खुर्चीवरच्या माणसाला मागच्या दारानं यायची सवय असते, त्याला काय वाटणार नाही.

आता उतार. नियम म्हणतो 1:12. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमचं जोतं दोन फूट, सहा-सहा इंचाच्या चार पायऱ्या; रॅम्प आला 24 फूट. शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट, खुर्ची वळवायला आणि दार उघडायला. पूररेषेजवळ असाल तर जोतं तीन फूट, मग 36 फूट, आणि अडीच फूट चढून झाल्यावर मधे दम खायला आणखी एक सपाट टप्पा. एवढी जागा आणायची कुठून? पार्किंगमधून? मग साहेबांची गाडी काय रंकाळ्यावर लावायची? तुम्ही ठेकेदाराला विचारा. तो म्हणेल, “सहा फुटात बसवतो की, काय लागतंय त्याला!”

आणि बसवतो. दोन फूट चढ, सहा फूट लांबी, 1:3. लहान मुलांच्या बागेत ह्याला घसरगुंडी म्हणतात, मोजमाप पुस्तकात रॅम्प म्हणतात. हिशोब करून बघा, फार अवघड नाही. सत्तर किलोचा माणूस, वीस किलोची खुर्ची, मिळून 90 किलो. 1:12 वर मागून ढकलणाऱ्याला साडेसात किलोचा जोर लागतो. बायको ढकलू शकते, शाळेतली पोरगी ढकलू शकते, हातात बळ असलेला माणूस स्वतः चाक मारत जाऊ शकतो. 1:3 वर तोच जोर 28 किलो होतो. अर्धं सिमेंटचं पोतं छातीशी धरून चढ चढायचा, मधे थांबायचं नाही, कारण थांबलात की सगळं खाली येतं. आणि खुर्चीचा तोल मोठ्या चाकांच्या आसावर असतो; चढ इतका उभा झाला की पुढची दोन छोटी चाकं उचलतात आणि खुर्ची पाठीवर उलटते. डोकं आधी लागतं. उतरताना सरळ आणलं तर माणूस पुढं सांडतो, म्हणून त्याला पाठमोरा उतरवावा लागतो, बाजारातलं पोतं उतरवतात तसा. हे सगळं ज्या शाखा अभियंत्यानं बघून सही केली, त्याला एकदा त्या खुर्चीत बसवून वर न्यायला पाहिजे होतं. फक्त एकदा. त्याच्याच ठेकेदाराला ढकलायला लावून.

असो. आपण सल्ला देत होतो.

जागा नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी रॅम्प दुमडता येतो, हे मात्र कुणाला सांगू नका. बारा फूट चढायचं, पाच फुटांच्या सपाटीवर वळायचं, परत बारा फूट यायचं. रुंदी चार फूट धरली तर दोन मोटारींच्या जागेत दोन फुटांचं जोतं आरामात चढून होतं. पण मग एस्टिमेट नव्यानं करावं लागतं.

फरशी चकचकीत घ्या. व्हिट्रिफाइड, पांढरी, आरशासारखी. उद्‌घाटनाच्या फोटोत झकास दिसते. कोल्हापुरात जूनपासून चार महिने पाऊस असतो, त्याचं काय? तेवढे चार महिने दिव्यांगांनी घरी बसावं. नाहीतर साधं काँक्रीट ओलं असताना त्यावर खराट्यानं आडव्या रेघा ओढल्या की चाकाला आणि कुबडीच्या रबराला पकड मिळते, आणि खराटा झाडलोटीच्या बाईंकडे फुकट मिळतो. फुकटच्या कामाचं बिल कसं काढणार? म्हणून टाइल.

रेलिंग एकाच बाजूला लावा आणि तेही जाडजूड, तीन इंची. मुठीत मावलं तर लोक धरतील. दीड इंची पाईप, दोन्ही बाजूंना, 70 आणि 90 सेंटीमीटर अशा दोन उंचींवर, टोकाला एक फूट पुढं काढलेला, भिंतीपासून दोन इंच सोडून: हे सगळं पुस्तकात छान दिसतं. खालची दांडी बुटक्या माणसांना आणि मुलांना लागते म्हणे. कडेला चार इंचाचा कठडा असला तर चाक बाहेर घसरत नाही. तोही गाळा, सिमेंट वाचेल.

रॅम्प संपतो तिथं गटारीवर जाळी टाका, आणि तिच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेनं ठेवा. खुर्चीचं पुढचं चाक इंचभर रुंद असतं, बरोब्बर अडकतं.

लिफ्ट बसवा, पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या ठेवा.

आता शौचालय. इथं तुमची कल्पकता पणाला लागते. बाहेर निळी पाटी मोठी लावा, तपासणीला आलेला माणूस पाटी बघूनच परत जातो. दार 24 इंचाचं. खुर्ची असते 25 ते 27 इंचाची, शिवाय चाकाच्या कड्यावर बोटं, ती सोलून निघतात. तीन फुटांचं दार करायला तीन फुटांची चौकट लागते, आणि ती बाजारात मिळत असूनही मिळत नाही. दार आत उघडणारं करा. म्हणजे खुर्ची आत गेली की दार लागत नाही आणि दार लावायचं तर खुर्ची बाहेर ठेवावी लागते. आत कुणी पडला, तर तो दारालाच अडतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. म्हणूनच ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं असं लिहिलंय, पण वाचतो कोण? खोली दोन मीटर बाय 2.2 मीटर असावी, तुम्ही चार फूट बाय पाच फुटात उरका. कमोडशेजारची आधाराची दांडी चार इंची विटेच्या भिंतीत, प्लास्टिकच्या गिट्टीत, दोन स्क्रूंवर ठोका. खुर्चीतून कमोडवर सरकणारा माणूस आख्ख्या अंगाचा भार त्या दांडीवर टाकतो. पहिल्यांदाच दांडी हातात येते. मग ती परत लावायची नाही, कारण एकदा लावल्याचं बिल निघालेलं असतं. एवढं करूनही कुणी वापरायला येईल अशी भीती वाटली तर आत फिनेलचे कॅन, खराटे आणि मागच्या निवडणुकीची पोती भरून कुलूप घाला.

फूटपाथवर पिवळ्या लाद्या टाका. रेघांची लादी म्हणजे ‘चालत राहा’, ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढं काहीतरी आहे’. आंधळ्या माणसाला पायाखाली आणि काठीच्या टोकाला ही भाषा कळते. तुम्ही दोन्ही एकाआड एक टाका, रांगोळीसारख्या. चाल, थांब, चाल, थांब. आणि ही पिवळी वाट सरळ नेऊन महावितरणच्या खांबाला धडकवा, कारण खांब हलवायला दुसऱ्या खात्याला पत्र लिहावं लागतं. वाटेत वडापावची गाडी, दुकानाची पायरी आणि मंडळाच्या कमानीचा वासा येईलच, त्याची व्यवस्था नागरिक स्वतः करतात. आम्ही काही कमी नाही.

फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून दोन-दोन फुटांवर खांब रोवा. दुचाकीवाला हँडल तिरकं करून बरोबर काढतो. खुर्चीला हँडल नसतं.

बस थांब्यापासून वीस फूट पुढं, रस्त्याच्या मधे थांबवायला सांगा.

बहिऱ्या माणसासाठी नंबर ओरडून पुकारा आणि आंधळ्यासाठी फक्त पडद्यावर दाखवा. आणि अर्जाचा नमुना संकेतस्थळावर टाकताना तिरका स्कॅन करून, शिक्क्यासकट टाका, म्हणजे मोबाईलमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्याला चित्र समजून गप्प बसतं.

दिव्यांग कक्ष दुसऱ्या मजल्यावर. हे सांगायला नकोच.

आता पैशाचं. महापालिका असो, जिल्हा परिषद असो की ग्रामपंचायत, स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावे लागतात. पूर्वी 3 होते. हा पैसा वर्षभर जपून ठेवायचा आणि मार्चमध्ये एकदम आठवायचा. मार्चमध्ये रॅम्प तोडून नवा बांधायला वेळ नसतो, तीनचाकी सायकली वाटायला असतो. मंडप घाला, स्टेज घाला. स्टेजला रॅम्प नको. लाभार्थ्याला दोघांनी बखोटीला धरून वर उचललं की फोटोत माणुसकी दिसते. सायकल मिळाली की तो माणूस ती घेऊन कुठं जाणार हे विचारू नका. ती खुर्चीपेक्षा लांब, खुर्चीपेक्षा रुंद. तुमच्या सहा फुटी घसरगुंडीवर ती चढणारच नाही, तुमच्या खांबांमधून ती जाणारच नाही, तुमच्या 24 इंची दारापुढं ती उभी राहील. तुम्हीच दिलेलं वाहन तुमच्याच दारात अडतंय, आणि तुम्ही फोटोवर कमेंट मोजताय!

बास झालं आता. थट्टा पुरे.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचे नियम 15 जून 2017 ला आले आणि तेव्हापासून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायच्या होत्या. ही मुदत जून 2022 ला संपली. वाढवून मागितली कुणी? कायद्याच्या 44 व्या कलमात साफ लिहिलंय की निकष पाळले नाहीत तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. मग हे रॅम्प पास कुणी केले? 89 व्या कलमात दंड आहे, पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर 50 हजारांपासून 5 लाखांपर्यंत. तो आजवर कुणाच्या खिशातून गेल्याचं ऐकलंय? 8 नोव्हेंबर 2024 ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारला सांगितलं की निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, किमान अटी सक्तीच्या करा. ‘जमलं तर करू’ हा सूर तिथं चालला नाही. तुमच्याकडं अजून चालतोय.

आणि गाव कुठलं? कोल्हापूर. शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथं एकाही साहेबाचं भाषण सुरू होत नाही. चाकांच्या खुर्चीत बसून नसीमा हुरजूक यांनी ह्याच शहरात दिव्यांगांसाठी काम उभं केलं, त्यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था 1984 पासून इथं आहे. रॅम्पचा उतार विचारायला तुम्हाला मुंबईचा सल्लागार लागतो? पाच किलोमीटरवर विचारा. तेही नको असेल तर तुमच्या दारात रोज जे कुबड्या टेकत येतात त्यांना बांधायच्या आधी विचारा. बांधून झाल्यावर नको, फीत कापताना तर नकोच. खुर्चीवरच्या माणसाला नकाशा दाखवला असता तर पाच मिनिटांत त्यानं सांगितलं असतं की दार आत उघडतंय. तुम्ही विचारलं नाही, कारण त्याला काय कळतंय असं तुम्हाला वाटतं. त्याला सगळं कळतं, हो. त्याला प्रत्येक उंबऱ्याची उंची इंचात पाठ असते.

बिलावर सही करायच्या आधी एवढं तरी करा. चार फूट लांबीची सरळ फळी घ्या. तिचं एक टोक रॅम्पवर वरच्या बाजूला टेकवा, फळीवर लेव्हलची बाटली ठेवा आणि बुडबुडा मधे येईपर्यंत खालचं टोक उचला. त्या टोकापासून खाली टेप लावा. चार इंच किंवा कमी भरलं तर सही करा. सोळा इंच भरलं तर ठेकेदाराला त्याच्या खर्चानं तोडायला लावा, बिल अडवा, लेखी द्या. दहा मिनिटांचं काम आहे, फळी तुमच्याच स्टोअरमध्ये पडलीय.

आणि फळी घेऊन खाली जाल तेव्हा रॅम्पच्या तोंडाशी लावलेली ती मोटारसायकल आधी काढा. टाकीवर तुमच्याच खात्याचं स्टिकर आहे.