सामायिक सात फूट

आज सकाळी साडेसात वाजता प्लॅस्टिकचा एक पिवळा, भोकाभोकांचा चेंडू माझ्या उजव्या बरगडीखाली येऊन आदळला. या चेंडूचे वजन फार तर साडेसव्वीस ग्रॅम भरते, तेव्हा तो लागून माणूस जायबंदी होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; पण आंघोळीच्या वेळी पाहिले तेव्हा तिथे रुपयाएवढा लाल डाग होता आणि संध्याकाळी हे लिहायला बसेपर्यंत तो गेलेला नाही. चेंडू मारणारी माझी ६१ वर्षांची चुलत वहिनी. मारून झाल्यावर ‘लागलं नाही ना, भावोजी?’ असे तिने ज्या मायेने विचारले, ती माया डागापेक्षा जास्त झोंबते आहे. सामना आम्ही ११-२ असा हरलो, आणि त्या दोनांतला एक गुण तिचा चेंडू माडाच्या झावळीत अडकल्यामुळे मिळाला होता.

खेळाचे नाव पिकलबॉल. मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेल्या दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, कर्ली नदीकाठच्या आमच्या वाडीतल्या खळ्याला गेल्या दिवाळीनंतर सिमेंट घातले, त्यावर २० फूट बाय ४४ फुटांच्या पांढऱ्या रेघा ओढल्या आणि दोन लोखंडी खांबांना रापणीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधला. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुट्टीत कंटाळलेल्या पोरांसाठी तीन मोठ्या माणसांनी हा खेळ जुळवला, असे दादा येईल त्याला सांगतो. बॅडमिंटनचे फूल सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा चेंडू घेतला म्हणे. आमच्या लहानपणी मे महिन्यात पोरे कंटाळली की त्यांना काजूच्या बिया सुकत घालायला बसवीत, त्यामुळे आमच्या हातून जगाला कोणताही खेळ मिळाला नाही.

मला या खेळात मारता येते, ही गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही. टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये मी तीस वर्षे आडवी बॅट फिरवलेली आहे, आणि समोरून काहीही वेगाने आले की माझा खांदा माझी परवानगी न घेताच मागे जातो. पिकलबॉलमध्ये नेमका हाच खांदा घात करतो. जाळ्याजवळ दोन्ही जोड्या आपापल्या रेषेवर उभ्या राहिल्या की मध्ये अवघे १४ फूट उरतात. तेवढ्यात बॅट मागे नेऊन पुढे आणायला वेळच नसतो, आणि कशीबशी आणलीच तर चेंडू बॅटीच्या कडेला लागून आपण होऊन वर चढतो, आणि वर चढलेला चेंडू म्हणजे समोरच्याला घातलेले जेवणाचे आमंत्रण. म्हणून जाणकार सांगतात की जोरात आलेल्या चेंडूला मारायचेच नाही. बॅट छातीसमोर तयार ठेवायची, गुडघे वाकवायचे, मनगट बांधल्यासारखे स्थिर ठेवायचे, चेंडू अंगापुढेच घ्यायचा, बॅटीचा चेहरा किंचित आभाळाकडे ठेवायचा आणि मूठ इतकी सैल धरायची की चेंडूचा सगळा जोर तिच्यात जिरून जावा. मग तो जाळे ओलांडून पलीकडे मरगळून पडतो, फारसा उसळत नाही, आणि समोरच्याला तो जाळ्याच्या उंचीखालून उचलावा लागतो, खालून उचललेला चेंडू जोरात मारता येत नाही. पुतण्या, जो माझा जोडीदार आहे आणि मुंबईच्या कॉलेजातून सुट्टीला आला आहे, म्हणतो की दहापैकी तीन-चार एवढ्याच जोराने पकडा, काका. माझी पकड विहिरीच्या रहाटाची आहे. लहानपणी दोर सैल धरला की कळशी तळाला जायची आणि आई बोलायची. आता पन्नाशीनंतर मूठ सैल करायला सांगणारे हे सगळे लोक तेव्हा कुठे होते?

शिवाय सकाळचा मतलई वारा. तो जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पूर्वेच्या बाजूला उभ्या असलेल्या माझ्या पाठीमागून. मी कधी नव्हे तो हलका चेंडू टाकावा आणि वाऱ्याने त्याला हात धरून वहिनीच्या खांद्याच्या उंचीपर्यंत पोहोचवावे, हे रोजचे आहे. बाजू बदलू या, असे मी दोनदा सुचवले. पश्चिमेकडे वहिनीची आमसुले वाळत घातलेली असतात आणि त्यांच्यावर तिला लक्ष ठेवावे लागते, या कारणाने ती सूचना फेटाळली गेली.

हे सगळे मी एकवेळ सोसले असते. पण गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आबा बसलेले असतात.

आबा जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षे झाली. अजून त्यांच्या कापडी पिशवीत पानाच्या डब्याशेजारी मोजणीची फीत असते. मे महिन्यातही छत्री. सकाळी सात वाजता चिऱ्यांच्या गडग्यावर गोणपाट टाकून ते बसतात आणि पहिले दहा दिवस त्यांनी एक अक्षर उच्चारले नाही, नुसते पाहिले. कोकणातला माणूस गप्प बसून पाहू लागला की समोरच्याने सावध व्हावे, हे मला कळायला हवे होते. अकराव्या दिवशी त्यांनी छत्रीचे टोक जाळ्याकडे केले.

‘ह्यो मधलो तुकडो कोणाचो रे, झिला?’

मी समजावले, की जाळ्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांची ही पट्टी असते, तिला किचन म्हणतात.

‘किचन? मगे चूल खंय आसा?’

चूल नसते, आबा. नुसते नाव आहे.

‘भितुर जावक गावता काय नाय?’

जाता येते, मी म्हणालो. केव्हाही जाता येते, कितीही वेळ उभे राहता येते. पण आत उभे राहून चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, टप्पा पडल्यावरच मारायचा.

आबांनी डबा उघडला, पानाला चुना लावला, सुपारी कातरली. तेवढ्या वेळात आमचे दोन गुण गेले.

‘म्हणजे झाडावरचो आंबो काढूचो नाय, खाली पडलेलो उचलूचो. सामायिक आसा मगे ता!’

मी हा नियम दहा दिवस पुतण्याकडून शिकत होतो. दादाने त्याचे चित्रफितीतले धडे दाखवले होते. कोणालाही तो एका वाक्यात सांगता आला नव्हता. मी थक्क झालो आणि तीच माझी चूक झाली, कारण थक्क झालेला श्रोता मिळाल्यावर आबा गडग्यावरून खाली उतरले.

‘आणि भायर उबो रवान मारलो, मगे तोल जावन भितुर पाय पडलो तर?’

तरीही चूक धरतात.

‘धरतलेच! आंबो हदीभायरसून काढलो म्हणान काय झाला? पाय सामायकात पडलो मा!’

मग त्यांनी फीत काढली. खेळ थांबला. वहिनी आमसुले परतायला गेली. आबांनी पुतण्याला फितीचे टोक धरायला लावले आणि एकेक माप मोठ्याने म्हणत पूर्ण मैदान मोजले. ४४ गुणिले २०, ८८० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे हे सगळे मिळून पाऊण गुंठ्याच्या थोडे वर. त्यातले किचन १४ गुणिले २०, २८० चौरस फूट. ‘पाव गुंठो सामायिक!’ आबांनी जाहीर केले, आणि गडग्यापलीकडून जाणाऱ्या मासेवालीनेही टोपली सावरत ‘अगो बाय’ म्हटले. आबांच्या स्वरात इतकी हळहळ होती की पाव गुंठ्यावरून यापूर्वी किती घरे फुटली ते सगळे त्यांना त्या क्षणी आठवत असावे.

पुढे जाळ्याची पाळी आली. पिकलबॉलचे जाळे खांबांपाशी ३६ इंच आणि मध्यभागी ३४ इंच असावे लागते, हे मी अनवधानाने बोलून गेलो. आबांनी मधोमध फीत लावली. पस्तीस. रापणीचे जाळे दादाने जरा जास्तच ताणले होते. हा एक इंच मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. हलक्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू मधूनच टाकावा, कारण जाळे तिथेच सर्वांत खाली असते, असे सर्व जाणकार सांगतात. आणि माझ्यावर तर तिथेच इंचभर अन्याय चालला होता. मी तसे म्हणालो. वहिनी म्हणाली, भावोजी, जाळे आम्हालाही तेवढेच आहे. काही माणसांशी वाद घालता येत नाही.

त्या दिवसापासून आबा माझे प्रशिक्षक झाले. मी त्यांना नेमले नाही. पुतण्या ‘काका, डिंक करा, डिंक!’ असे ओरडला, म्हणजे किचनमध्ये पडेल असा अलगद चेंडू टाका असे म्हणाला, की आबा गडग्यावरून विचारतात, ‘लाडवातलो?’ हा विनोद त्यांनी आजवर एकोणीस वेळा केला आहे. बाकीचे हसतात म्हणून मीही पहिल्या चार वेळा हसलो. माझा अडवलेला चेंडू वर उडाला की ते ‘तो येता, तर येवंदे मा! तू खंय जातंस?’ असे इतक्या करुणेने विचारतात की पुढच्या चेंडूला मी जागचा हलतच नाही, आणि तो बरोबर माझ्या पायात येतो. एकदा तर चेंडू स्पष्टपणे रेषेबाहेर चालला असता मी तो अडवला, तेव्हा ते म्हणाले, ‘मेल्या, दुसऱ्याच्या हदीत जातलो पावणो तू घरात कित्याक घेतलंस?’ सल्ला म्हणून यात एक अक्षर खोटे नाही, बाहेर जाणारा चेंडू सोडून देणे हाच बचावाचा पहिला धडा आहे. पण हा धडा मासेवाली, पोस्टमन आणि शेजारच्या वाडीतली दोन शाळकरी पोरे यांच्यादेखत शिकावा लागतो, याचा विचार कोणी करीत नाही. शहरात माणूस निदान चार भिंतींच्या आत हरतो.

एके दिवशी दादाने त्यांना खूष करण्यासाठी सांगितले, की हा खेळ भारतात आणण्याचे श्रेय सुनील वालावलकर यांना देतात. आडनाव ऐकताच आबांचा चेहरा उजळला. ‘वालावल म्हणजे हयलाच!’ त्यांनी नदीच्या दिशेने छत्री केली, जणू लक्ष्मीनारायणाच्या तळ्याकाठीच पहिला सामना झाला असावा. दादाने भर घातली, की २००८ मध्ये पहिली अखिल भारतीय संघटना निघाली, पुढे दुसरी निघाली आणि मान्यता कोणाला यावरून प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग समाधानाने पिंक टाकून म्हणाले, ‘म्हणजे खेळ आपलोच.’

इथपर्यंत मी हे हसत हसत लिहिले आहे. पण खरे सांगायचे तर आबांच्या फितीशी माझा जुना हिशेब आहे. तेवीस वर्षांपूर्वी आमच्या घरातली वाटणी झाली, तेव्हा मोजायला हीच फीत आली होती. आमचा मांगर दादाच्या वडिलांच्या हद्दीत गेला, दोन रायवळ आंबे सामायिक राहिले, आणि त्या दोन आंब्यांची फळे वडिलांनी पुढे कधीच तोंडात घातली नाहीत. पडलेला आंबा उचलायचा, झाडावरचा काढायचा नाही, हा नियम आबांना कुठून सुचला ते गडग्यावरच्या बाकी कोणाला ठाऊक नव्हते. मला होते. दादालाही असावे, कारण त्या दिवशी तो एकटाच हसला नाही, चेंडू पुसत उभा राहिला. सात-बारावर आमच्या घरची मिळून अजून चौदा नावे आहेत, त्यातली पाच माणसे हयात नाहीत, आणि त्यांची वारसनोंद करायला मी कितीदा खेटे घातले ते सांगत बसलो तर खेळ बाजूलाच राहील.

तर आज सकाळी मी ठरवूनच गेलो होतो. मूठ सैल. गुडघे वाकलेले. बॅट छातीसमोर. वहिनीने पहिला जोरकस चेंडू मारला आणि मी काहीच केले नाही. बॅट तिथेच राहू दिली. चेंडू तिच्यावर थबकला, जाळ्यावरून जेमतेम घसरला आणि पलीकडच्या सामायकात जाऊन बसला. टॉक असा नेहमीचा आवाजही झाला नाही, ओल्या मातीत करवंटी ठेवावी तसे काहीतरी झाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी आनंदाने गडग्याकडे पाहिले, आबांनी पाहिले का म्हणून. आबा फीत घेऊन पूर्वेच्या रेषेवर वाकले होते. आणि मी तिकडे पाहत असतानाच वहिनीने तो अलगद पडलेला चेंडू जाळ्याखालून उचलून दिला, पुतण्याने तो उंच परत पाठवला आणि पुढचा माझ्या बरगडीखाली बसला. म्हणजे डाग पडला तो माझ्या आजवरच्या सर्वोत्तम बचावानंतर तिसऱ्या चेंडूला. पण हे गुणफलकावर कुठे दिसणार?

मी बरगडी चोळत उभा असताना आबा जवळ आले आणि कानाशी म्हणाले, ‘झिला, माज्या जुन्या मोजणीप्रमाणे हयसून सवा हात तुज्या वाट्यात येता. उतारो घेवन ये.’ म्हणजे इतके दिवस मी स्वतःच्याच जमिनीवर उभा राहून मार खात होतो. मी हसून विषय टाळला, पण दादाने ऐकले, हे त्याने जाळे सोडता सोडता दोन गाठी उगाचच पुन्हा मारल्या त्यावरून समजले.

आता पुतण्या येऊन गेला. वहिनीने कोकमाच्या आगळाची एक बाटली पाठवली आहे आणि निरोप असा आहे, की उद्या भावोजींनी पश्चिमेच्या बाजूला खेळावे, आमसुले ती उचलून ठेवील. पूर्वेची बाजू आबा मोजणार आहेत.