शूर्पणखेची राखी कुठून आली?

नारळी पौर्णिमेला आठवडा उरला की फॅमिली ग्रुपवर तोच मजकूर येऊन पडतो: "शूर्पणखेने रावणाला भद्रा काळात राखी बांधली आणि वर्षभरात त्याचा कुळासकट नाश झाला. भद्रा ही शनीची बहीण. या वेळात राखी बांधल्यास भावाचा घात होतो. प्रत्येक बहिणीपर्यंत पोचवा."

२०२३ साली ३० ऑगस्टला ही भद्रा रात्री नऊपर्यंत होती. आत्या सकाळच्या एसटीने आली होती. बाबा पाटावर बसले, निरांजन लावलं, आणि कुणीतरी मोबाइल पुढे केला. झालं! साडेपाचच्या परतीच्या गाडीला आत्या गेली, राखी ताटातच. रात्री बाबांनी दोऱ्याचं एक टोक दातात धरून ती स्वतःच बांधली. त्या दिवसापासून या मजकुराशी माझं जरा वैर आहे.

पहिली गोष्ट, शूर्पणखेची राखी वाल्मीकी रामायणात नाही. तिथे या भावाबहिणीचं जे आहे ते वेगळंच आहे. उत्तरकांडात रावण युद्धाच्या भरात तिच्या नवऱ्याला, विद्युज्जिह्वाला मारतो आणि मग तिची समजूत काढून तिला खर नावाच्या राक्षसाबरोबर दंडकारण्यात धाडतो. रावण मेला तो सीतेला पळवून नेल्यामुळे. त्यासाठी राखीच्या दोऱ्याची गरज नव्हती. आणि बिभीषणही तिचा सख्खा भाऊच ना? त्याला तर लंकेचं राज्य मिळालं.

आता भद्रा. पुराणात ती सूर्याची मुलगी आणि शनीची बहीण आहे, ते खरं. पण पंचांगात भद्रा म्हणजे विष्टि करण, आणि करण म्हणजे अर्धी तिथी. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी, ६ अंशांचं एक करण. एकूण करणं ११, त्यातली सात आळीपाळीने येतात आणि विष्टि त्यातलं शेवटचं. चांद्रमासात ते आठ वेळा येतं, आणि पौर्णिमेचा पूर्वार्ध तर कायमच विष्टि. म्हणजे "यंदा भद्रेचं सावट" ही बातमी नव्हे. सावट दर पौर्णिमेला असतं. पौर्णिमा किती वाजता लागते त्यावर ते दिवसा पडतं की रात्री, एवढंच ठरतं. २०२४ मध्ये ते दुपारी दीडच्या सुमारास संपलं, २०२५ मध्ये राखीच्या दिवशी उजाडायच्या आतच. शुद्ध एकादशीचा उत्तरार्धही विष्टिच असतो. आषाढीला पंढरपूरच्या रांगेतून त्यासाठी कुणी बाहेर पडल्याचं ऐकलं नाही.

"पण शास्त्रात लिहिलंय" हा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. लिहिलेलं आहे. कमलाकर भट्टांच्या सतराव्या शतकातल्या निर्णयसिंधू या धर्मशास्त्राच्या ग्रंथात वचन दिलंय: "भद्रायां द्वे न कर्तव्ये श्रावणी फाल्गुनी तथा। श्रावणी नृपतिं हन्ति ग्रामं दहति फाल्गुनी॥" भद्रेत राखी आणि होळी करू नये, राखीने राजा मरतो, होळीने गाव जळतं. नीट वाचा. मरतो तो राजा. भाऊ नाही, बहीण नाही, शूर्पणखा तर नाहीच. कारण त्या विधीत पुरोहित राजाच्या मनगटाला अक्षता आणि पांढऱ्या मोहरीची पुरचुंडी बांधायचा. "येन बद्धो बली राजा" हा मंत्रही त्यातलाच. बहिणीने भावाला ओवाळणं हा घरगुती प्रकार; राजाचा नियम त्याला चिकटवला कुणी, हे तो मजकूर सांगत नाही. ज्याला पाळायचं त्याने खुशाल पाळावं, पण मग राजाचं वचन म्हणून पाळावं, भावाच्या मरणाची भीती घालून नव्हे.

बरं, भाऊबीजेला असला मजकूर कधी का येत नाही? कार्तिक शुद्ध द्वितीयेला बालव आणि कौलव ही दोनच करणं असतात. विष्टि तिथे येतच नाही.